बखळ, उकिरडा, कोंडवाडा : एका गावठाणातील पडीक जागांची पाहणी

पार्श्वभूमी

गाव अमळनेर-पारोळा पट्ट्यातले, बोरीच्या खोऱ्यातले. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही; ओळख पटेल असे एक-दोन तपशील गाळले आहेत. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर, पीक कापसाचे. मधोमध उंचवट्यावर जुनी गढी, तिच्याभोवती धाब्याच्या घरांच्या अरुंद गल्ल्या, आणि कडेला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठलेली स्लॅबची घरे.

खानदेशातल्या बहुतेक गावांसारखाच या गावाचाही एक मोठा तुकडा सुरतेत राहतो. उधना, लिंबायतकडे यंत्रमागांवर कामाला गेलेली माणसे तिकडेच स्थिरावली. मागे राहिली ती धाब्याची घरे. धाब्याला दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी पांढरी माती टाकून चोपावे लागते. ते एक-दोन वर्षे चुकले की पाणी मुरते, लाकूड कुजते, छत खाली बसते. मग भिंती उघड्या पडतात आणि काही पावसाळ्यांत त्याही विरघळतात. उरते ती बखळ. तिच्यात आधी एरंड आणि गाजरगवत, मग गल्लीचा कचरा, मग साप-विंचू.

एका पावसाळ्यात अशीच एक उघडी भिंत रात्री गल्लीत कोसळली. माणसाला काही झाले नाही, एक वासरू गेले. त्याच वर्षी अंगणवाडीच्या इमारतीसाठी निधी मंजूर झाला होता आणि जागेचा कागद जोडा म्हणून प्रस्ताव परत आला होता. ग्रामसभेत दोन्ही विषय एकत्र निघाले. गावात एवढ्या जागा पडून आहेत, तर अंगणवाडीला एक सापडत कशी नाही? सगळ्या पडीक जागांची यादी करायची असा ठराव झाला. या कामात मोजमाप आणि नकाशाच्या बाजूने मी ग्रामपंचायतीबरोबर होतो.

अडचण काय होती

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. जुन्या महसुली मोजणीत गावठाण म्हणजे नकाशावरचा एक सलग तुकडा. आतले घर कोणाचे, हद्द कुठे, याची महसुली नोंद नाही. ग्रामपंचायतीकडे असतो तो नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी व्यवहार त्याच्यावरच चालतात.

ही पोकळी भरायला २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घ्यायची, त्यावरून नकाशा, मग चौकशी, आणि शेवटी मिळकत पत्रिका. आमच्या गावात ड्रोन उडून गेला होता, चौकशी व्हायची होती. ड्रोन येण्याआधी ज्याने त्याने आपली हद्द चुन्याने आखायची असते. जे सुरतेला होते त्यांच्या बखळीला चुना पडलाच नाही. काही ठिकाणी शेजाऱ्याच्या चुन्याची रेघ हात-दोन हात पुढे सरकलेली होती, आणि वरून घेतलेल्या चित्रात ती रेघ अगदी ठसठशीत दिसत होती.

म्हणजे आमची यादी नुसती अंगणवाडीपुरती नव्हती. चौकशीच्या वेळी कोणत्या जागेबद्दल कोण काय म्हणेल, याचा पाया तीच ठरणार होती. शिवाय मुदतीचा कायदा आहे. खासगी जागेवर दुसऱ्याचा उघड, सलग ताबा १२ वर्षे आणि सरकारी जागेवर ३० वर्षे चालू राहिला, तर मूळ मालकाचा दावा अडचणीत येतो. तारखेसह फोटो आणि पाच जणांच्या सह्या असलेला पंचनामा आज कुणाला महत्त्वाचा वाटत नाही. तो उपयोगी पडतो वीस वर्षांनी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता आणि काही सदस्यांना तोच हवा होता : ड्रोनच्या नकाशात जिथे छप्पर नाही आणि चुना नाही, ती जागा सरळ ग्रामपंचायतीची धरायची. एका दिवसात यादी तयार. पण मालक बाहेरगावी आहे म्हणून जागा बेवारस होत नाही, आणि तशी नोंद केली असती तर पहिल्या लग्नसराईत भांडण पेटले असते.

दुसरा पर्याय, गावठाण सोडून गायरानात जायचे. हाही ग्रामसभेत जोरात मांडला गेला. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल कडक निकाल दिला. पाठोपाठ १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला. तेव्हापासून गायरानाच्या फाईलला हात लावताना सगळेच जपून असतात. सार्वजनिक कामाला वाट आहे, पण ती लांबची. आणि खरे सांगायचे तर गायरान गावापासून इतके दूर होते की तीन वर्षांचे पोर तिथे रोज नेणार कोण, हा अंगणवाडी सेविकेचा प्रश्नच पुरेसा होता.

तिसरा, भूमी अभिलेखकडे फी भरून एकेका जागेची मोजणी मागायची. पैसा नव्हता, आणि जिथे मुळात जुनी हद्दच नोंदलेली नाही तिथे मोजणीदार कोणती हद्द कायम करणार?

ठरले ते असे : आपणच गल्लीगल्लीने फिरायचे, तीस मीटरचा फिता, मोबाईलचा फोटो आणि ड्रोनच्या नकाशाची मोठी छापील प्रत घेऊन. अधिकृत मोजणी फक्त त्या जागेची मागायची, जिच्यावर खरोखर काही करायचे आहे.

पहिली फेरी

फेब्रुवारीत, कापूस बहुतेक घरांतून गेल्यावर फिरायला सुरुवात केली. तक्त्यात वर्गवारीचा रकाना होता तो दिसण्यावरून : मोकळी जागा, पडके घर, उकिरडा, इतर. सत्तरच्या आसपास जागा सापडल्या.

दोन गोष्टी लगेच बिघडल्या. ओळखीसाठी भिंतींवर गेरूने नंबर टाकले होते. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की ज्यावर नंबर पडला ते पाडणार. दुसऱ्या दिवशी निम्मे नंबर शेणाने सारवून टाकलेले. सरपंचताईंनी उरलेले आपल्या हाताने पुसायला लावले आणि नंबर फक्त नकाशावर घालायचे ठरवले. पुढचे काम झाले ते यामुळेच, असे माझे मत आहे.

दुसरे म्हणजे तो रकाना. गावाच्या कडेच्या एका मोठ्या जागेवर आम्ही 'मोकळी' लिहीत असताना एक आबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "रिकामी कसानी? हाई आम्हनं खयं शे. आते माल नही म्हनीसन तुम्हले रिकामं दिखस." खरेच होते. ज्वारी-बाजरी आली की तिथे खळे लागते, उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या काड्यांची गंजी असते. फेब्रुवारीत काहीच नव्हते. उकिरड्याचेही तसेच. तक्त्यात तो घाणीच्या बाजूला पडला होता, आणि ज्याचा तो होता त्याच्या लेखी ते वर्षभराचे शेणखत होते, विकायचे म्हटले तर ट्रॉलीच्या भावाने जाणारे.

यानंतर ताईंनी बचत गटाच्या बायकांना बरोबर घेतले. पुरुषांना मालक कोण हे माहीत होते. वापरतो कोण हे बायकांना. पडक्या वाड्याच्या मागच्या अंगणात पापड वाळतात, अमुक बखळीत कानबाईच्या उत्सवाचा मांडव पडतो, तमुक ठिकाणी दोन घरांच्या काड्या रचलेल्या असतात आणि त्या बदल्यात ती घरे सुरतवाल्यांच्या भिंतीवर लक्ष ठेवतात. हे कुठल्याच कागदात नव्हते.

वर्गवारी बदलली

दिसण्याचा रकाना तसाच ठेवून बाजूला तीन प्रश्न वाढवले. कागदावर नाव कोणाचे? आज वहिवाट कोणाची? आणि इथे काही करायचे तर पुढचे पाऊल कोण उचलू शकतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाच वर्ग धरला. ज्या जागा हंगामी का होईना वापरात आहेत त्या यादीतूनच काढल्या. उरलेल्यांपैकी काहींचे मालक गावातच होते. तिथे ग्रामपंचायतीने नोटीस द्यायची, भिंत काढा नाहीतर कुंपण करा. काहींचे वारस बाहेर होते. तिथे आधी माणसे शोधायची. काही सार्वजनिक निघाल्या आणि काही वादातल्या.

सगळ्यात जास्त वाद झाला तो करावरून. ग्रामसेवक भाऊसाहेबांचे म्हणणे, पाच वर्षे घरपट्टी थकली असेल तर जागा पडीक धरा, कसोटी सरळ आहे. नोंदवही काढून बसलो तर चित्र उलटे निघाले. सुरतेचा मालक पाच-सहा वर्षे काही भरत नाही आणि घरात लग्न निघाले की येऊन सगळी बाकी एकदम चुकती करतो. उलट ज्याने दुसऱ्याच्या जागेत पाय पसरले आहेत तो दरवर्षी एप्रिलमध्ये पहिल्या आठवड्यात पावती फाडून नेतो. त्याला पावती हवीच असते. पसरण्याची रीतही ठरलेली : आधी उकिरडा, मग दगडांची ओळ, मग बाभळीच्या काट्यांचे कुंपण, गुरांसाठी पत्र्याची शेड, शेडला लाईटचे मीटर, आणि मीटरच्या बिलावर नमुना ८ ला नोंद. थकबाकी ही कसोटी आम्ही सोडून दिली. मीटर कधी बसले ती तारीख मात्र तक्त्यात घेतली.

आखाजीची फेरी

बाहेरच्या वारसांना गाठायचे कसे? फोन केले तर अर्ध्यांना वाटे जागा हडपायचा डाव आहे. तेव्हा शिपाई म्हणून काम करणाऱ्या नानांनी सुचवले की आखाजीपर्यंत थांबा. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सुरत-पुण्याची माणसेही त्या आठवड्यात गावात असतात. दोन महिने काम थांबवले. सदस्य कुरकुरले, निधी परत जाईल म्हणाले. थांबलो नसतो तर पुढचे प्रकरण फार वेगळे वळले असते.

अंगणवाडीसाठी सगळ्यांच्या मनात होती ती गल्लीच्या मधोमध असलेली दोन भावांची बखळ. दोघेही सुरतेला. फोनवर दोघांनी होकार दिला होता, गावासाठी देऊन टाकू म्हणाले होते, आणि ग्रामपंचायत बक्षीसपत्राच्या तयारीला लागली होती. आखाजीला त्यांची बहीण शिरपूरहून आली. तिला ही गोष्ट पारावर कळली. ती थेट ग्रामपंचायतीत आली आणि तिने एवढेच विचारले, "भाऊसाहेब, यादीत माझं नाव का नाही?"

नमुना ८ वर वडिलांच्या मृत्यूनंतर फक्त मुलांची नावे चढली होती. असे सर्रास होते. हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा आहे, २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीतही ती भावांच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, आहे. भावांना देता आला असता तो त्यांचा वाटा. बहिणीचा देणारे ते कोण? तिच्या सहीशिवाय झालेले बक्षीसपत्र पुढे कोर्टात अडकले असते आणि तोवर तिथे इमारत उभी राहिलेली असती.

तिने विरोध केला नाही हे मुद्दाम लिहितो. देणार नाही असे नाही, पण विचारा तरी, असे तिचे म्हणणे होते. त्या आठवड्यातच तक्त्यात नवा रकाना आला : 'लेकींची नावे विचारली का?' त्यानंतर वारस बाहेर असलेल्या जवळपास प्रत्येक जागेत एक-दोन नावांची भर पडली.

जमिनीखाली काय आहे

ती जागा शेवटी सोडावी लागली ती वेगळ्याच कारणाने. पायासाठी जमीन कशी आहे ते बघायला पहार मारली तर एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाने सांगितले की या घरात पेव होते. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड लहान, आत पोट मोठे. वर दगड, दगडावर माती, त्यावर घर पडलेले. दगड बाजूला केला तर आत माणूस उभा राहील एवढी पोकळी होती. जेसीबी सरळ घातला असता तर चालकासकट आत गेला असता.

गावठाणाची जमीन म्हणजे शेतासारखी सलग काळी माती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून त्यावर घरे बांधलेली, राख, खापऱ्या, विटांचे तुकडे, मातीच्या भिंतींचा भराव. कुठे पेव, कुठे बुजवलेला आड. गढीच्या उतारावर तर लोक पांढरी माती धाब्यावर टाकायला खणून नेतात, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा कडा खालून पोखरलेला असतो. पडीक जागेच्या पाहणीत जमिनीखालचा रकाना असलाच पाहिजे, आणि तो यंत्राने नव्हे, म्हाताऱ्या माणसांना विचारून भरायचा. गढीची जागा आम्ही कुठल्याच कामासाठी न वापरण्याच्या वर्गात टाकली आणि माती नेण्यावर ग्रामसभेने बंदीचा ठराव केला. ठराव किती पाळला जातो हा वेगळा विषय.

कोंडवाडा

उरल्या सार्वजनिक जागा. त्या शोधताना आमची नजर दुसऱ्यांच्या जागांवरच होती. तलाठी आप्पांनी जुना गाव नकाशा आणि सातबारा काढून गावठाणाच्या हद्दीला लागून असलेला एक छोटा गट, म्हणजे स्वतंत्र क्रमांकाचा जमिनीचा तुकडा, दाखवला. धारक सरकार, आणि इतर हक्कात नोंद 'कोंडवाडा'. मोकाट गुरे कोंडायची गावाची जागा. गुरे कोंडणे बंद होऊन जमाना झाला. दगडी कुंपणाचे दगड लोकांनी नेले होते आणि शेजारचा शेतकरी तिथे कडबा रचत होता, ट्रॉली लावत होता. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या कुणाला ती त्याचीच जागा वाटत होती. पहिल्या फेरीत आम्हीही ती खासगी आणि वापरातली धरली होती.

इथे दोन रस्ते होते. अतिक्रमणाची नोटीस काढायची, किंवा आधी बोलायचे. ताईंनी दुसरा धरला. शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले : बाप ठेवायचा, म्हणून मी ठेवतो, कडबा संपेपर्यंत मुदत द्या. पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आणि ती लेखी घेतली. लेखी घेण्यावर मी अडून बसलो होतो, कारण त्या कागदात त्याने जागा सरकारी असल्याचे कबूल केले होते. दिलेल्या तारखेला थोडी तक्रार करून त्याने जागा रिकामी केली.

ही जागा स्वतंत्र गटाची असल्याने हद्द कायम मोजणी होऊ शकली. भूकरमापक यंत्र घेऊन आले, खुणा दाखवल्या, क-प्रत म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा मिळाला. खरा वेळ गेला तो वापर बदलात. कोंडवाड्यासाठी राखलेली जागा अंगणवाडीला द्यायची तर प्रस्ताव तहसीलमार्गे वर जातो, आणि एका टेबलावर तो फक्त ग्रामसभेच्या ठरावावर गट क्रमांक अक्षरी लिहिलेला नाही म्हणून बरेच दिवस पडून होता.

काय झाले

अंगणवाडी कोंडवाड्याच्या जागेवर उभी राहिली. सुरतच्या भावांची धोकादायक भिंत तिघा भावंडांच्या सह्यांनिशी उतरवली, पेव मुरुमाने भरले, जागा त्यांचीच राहिली आणि नमुन्यावर बहिणीचे नाव चढले. सत्तरपैकी निम्म्याहून जास्त जागा मुळात पडीक नव्हत्याच. नोटिसा दिलेल्या मालकांपैकी बऱ्याच जणांनी काट्याचे का होईना कुंपण केले. काहींनी नोटीस घेतली आणि काहीच केले नाही. स्वामित्वच्या चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्यांना आमचा तक्ता कामाला आला. सरकलेल्या चुन्याच्या दोन रेघा त्यातल्या फोटोंमुळे मागे घेतल्या गेल्या.

गावाच्या कचऱ्यासाठी शेडही बांधायची होती, तो प्रश्न तसाच आहे. त्यासाठी धरलेल्या जागेशेजारच्या घरांनी एका सुरात नकार दिला, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

वेगळे काय करता येईल

फेरी सुरू करायची तर आखाजीच्या आठवड्यातच, आणि दुसरी दिवाळीनंतर कापूस घरात असताना. एका हंगामात बघून जागेला रिकामी म्हणू नये. पहिल्याच दिवशी तलाठ्याकडून गावठाणाच्या कडेचे सगळे सरकारी गट काढून घ्यावेत. कोंडवाडा, जुनी चावडी, धर्मशाळा, बंद पडलेली शाळेची खोली, हे आधी तपासावे आणि मगच लोकांच्या बखळींकडे वळावे. आमचा क्रम उलटा होता, त्यात चार महिने गेले.

तक्ता एकदाच करून कपाटात ठेवायचा नसतो. दर आखाजीला ग्रामसभेपुढे ठेवून त्यात काय बदलले ते लिहायचे असे ठरले होते. पहिल्या वर्षी झाले. दुसऱ्या वर्षी निवडणूक होती, राहून गेले. मधल्या काळात वादातल्या जागांपैकी एकीवर पत्र्याची शेड आली आहे. मीटरसाठीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यासाठी आलेला आहे, आणि नव्या सदस्यांपैकी दोघांचे म्हणणे, देऊन टाका. भाऊसाहेबांनी तक्त्यातला त्या जागेचा तारीख असलेला फोटो अर्जाला टाचून ठेवला आहे.